कॉम्प्युटर रखडतोय? रॅम विकत घेण्याआधी अर्धा तास टास्क मॅनेजरसमोर बसा

लॅपटॉप रखडायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो, "काका, रॅम वाढवा." कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." कधीकधी दोघांचंही बरोबर निघतं. पण मशीन नेमकं कशात गुंतलंय हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. मग रॅम बसवून झाल्यावर कळतं की घोळ हार्ड डिस्कचा होता. किंवा फॉरमॅट मारून पंधरा दिवस होत नाहीत तोच पंखा पुन्हा घोंघावायला लागतो, कारण धूळ होती तिथेच असते.

कोणता प्रोग्रॅम मशीनचं काय खातोय हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर ज्यांनी कधी उघडलाच नाही, किंवा उघडून आकडे बघून लगेच बंद केला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं. पैसे खर्च करायची वेळ येईलही, पण ती पायरी सगळ्यात शेवटची.

आधी रीस्टार्ट, आणि तो खरोखरचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. अगदी छोटी, रिकामी खिडकी आली तर तिच्या खाली 'मोअर डिटेल्स' असतं, त्यावर क्लिक करा. आता 'परफॉर्मन्स' या पानावर जा, 'सीपीयू' निवडा आणि आलेखाखाली 'अप टाइम' शोधा. त्यातला पहिला आकडा दिवसांचा.

रोज रात्री न चुकता शट डाउन करणाऱ्यांनाही इथे वीस-पंचवीस दिवस दिसतात आणि ते चक्रावतात. याला कारण 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय. ती चालू असली की शट डाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. मशीन लवकर सुरू होतं, पण एखाद्या ड्रायव्हरने घातलेला घोळही त्याच्याबरोबर परत येतो. स्टार्ट मेनूतला 'रीस्टार्ट' मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतो. आठवड्यातून एकदा तो करायची सवय लावली तरी निम्म्या तक्रारी पुढे येतच नाहीत.

रीस्टार्ट झाल्याझाल्या आकडे बघू नका. पहिली पाच-दहा मिनिटं अपडेट तपासणं, अँटिव्हायरस, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम अशी सगळ्यांची एकदमच झुंबड असते. चहा ठेवा, पिऊन या, मग बसा.

कोणत्या आकड्याची काळजी करायची

'प्रोसेसेस' या पानावर वरच्या बाजूला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क, नेटवर्क असे स्तंभ आणि त्यांची टक्केवारी दिसते. कोणत्याही शीर्षकावर क्लिक केलं की सर्वात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. बघण्यासारखं एवढंच आहे, पण ते वाचता आलं पाहिजे.

प्रोसेसरचा आकडा १०० झाला म्हणजे काही बिघडलं असं होत नाही. लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करताय, मोठी झिप फाइल सोडवताय, तर १०० टक्के दिसलेच पाहिजेत. त्यासाठीच तर प्रोसेसर घेतला. तुम्ही काहीही करत नसताना तो साधारण १ ते ५ टक्क्यांवर असतो, मधेच उसळी मारतो आणि खाली येतो. कोणी हात लावत नसतानाही दहा-पंधरा मिनिटं तो ७०-८० च्या वर बसून राहिला, तर मात्र शोध घ्यायचा.

एक बारकावा नवख्यांच्या हातून सुटतो. टास्क मॅनेजरची टक्केवारी सगळ्या कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) मिळून असते. परफॉर्मन्सच्या पानावर 'लॉजिकल प्रोसेसर्स' ८ लिहिले असतील आणि एखादा प्रोग्रॅम तासभर १२-१३ टक्क्यांवर खिळलेला असेल, तर त्याने आठांपैकी एक पूर्ण अडवला आहे. आकडा छोटा दिसतो, पण तो प्रोग्रॅम बहुधा आत कुठेतरी चक्रात अडकलेला असतो. चार लॉजिकल प्रोसेसर असतील तर हाच आकडा २५ होतो.

'डिटेल्स' पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९० टक्के खाताना दिसेल. तिला हात लावू नका. ती प्रोसेसरच्या रिकाम्या वेळाची नोंद आहे. ९० म्हणजे तेवढा प्रोसेसर मोकळा आहे.

मेमरीचं गणित वेगळं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालू असेल तर काहीही न उघडता साडेतीन-चार जीबी वापरात दिसणं नेहमीचंच. टक्केवारीपेक्षा परफॉर्मन्सच्या मेमरी पानावरचा 'अव्हेलेबल' हा आकडा बघा. शेजारी 'कॅश्ड' म्हणून दोन-तीन जीबी दिसतील. ते वाया गेलेले नाहीत. लवकरच लागेल असं वाटणारं विंडोज तिथे धरून ठेवतं आणि कोणाला जागा हवी झाली की सोडून देतं. म्हणून ६० टक्के मेमरी भरलेली दिसली तर काहीही करू नका. अव्हेलेबल अर्ध्या जीबीच्या आसपास आला आणि तिथेच राहिला, तर ते खरं लक्षण.

तिथेच 'कमिटेड' नावाची जोडी असते, उदाहरणार्थ ९.८/१३.५. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि डिस्कवरची राखीव जागा, म्हणजे पेजफाइल, मिळून झालेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला भिडायला आला की प्रोग्रॅम न सांगता बंद पडायला लागतात.

आणि ८ जीबी घेऊन फक्त ७.४ किंवा ५.९ दिसत असेल तर दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नका. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्ससाठी काही रॅम बाजूला काढलेली असते, ती 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसते.

एक कागद घ्या

ही पायरी लोकांना कंटाळवाणी वाटते, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. "स्लो झालाय" यावरून कोणालाच काही कळत नाही. केव्हा, काय उघडलेलं असताना आणि किती वेळ, हे लिहिलं की निम्मं निदान तिथेच होतं. नोंद अशी असू द्या:

सकाळी ९:१०, नुकताच रीस्टार्ट, काही उघडलेलं नाही: सीपीयू ४, मेमरी ४६, डिस्क २.
१०:३०, मुलीचा ऑनलाइन क्लास, क्रोममध्ये बरेच टॅब: सीपीयू ५५, मेमरी ८८, डिस्क ३५.
दुपारी १:००, क्लास संपला, क्रोम बंद केलं: सीपीयू ५, मेमरी ५२, डिस्क १.
दुपारी ३:३०, एक्सेल आणि सोसायटीचे हिशेब: सीपीयू ३०, मेमरी ६०, डिस्क १००, पंखा जोरात.

या कागदावर दोन वेगळ्या कहाण्या आहेत. क्लासच्या वेळी मेमरी कमी पडते, आणि क्रोम बंद केल्यावर ती सुटते, म्हणजे दोष टॅबचा. दुपारी मात्र मेमरी बरी आहे आणि डिस्क १०० वर आहे. तिथे रॅम वाढवून काही हाती लागणार नाही.

प्रोसेसर खाणारे ओळखीचे चेहरे

यादीत अनोळखी नावं दिसली की लोक 'एंड टास्क' मारत सुटतात. तसं करू नका. विंडोजच्या काही प्रोसेस मारल्या तर निळा पडदा येऊन मशीन बंद पडतं आणि न जतन केलेलं काम जातं.

'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. त्याचं स्कॅन चालू असेल तर तासाभरात उरकतं. तो सतत वर असेल आणि लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायलचा अँटिव्हायरस शिवाय विकतचा दुसरा, असे दोन पहारेकरी आधीच बसलेले असतील, तर त्यातला एक काढा.

'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' अपडेट बसवत असतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतल्या सकाळी येतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा. त्या बुधवारी सकाळी मशीन जड वाटलं तर चार्जर लावा, अपडेट होऊ द्या, रीस्टार्ट करा.

'सर्च इंडेक्सर' गावच्या पूजेचे हजारभर फोटो कॉपी केल्यावर जागा होतो आणि काम झालं की शांत बसतो.

'सर्व्हिस होस्ट' नावाच्या डझनावारी ओळी दिसतात, त्यांनी घाबरू नका. डावीकडचा बाण दाबला की आत कोणती सेवा चालू आहे ते दिसतं. अडकली असेल ती सेवा बघायची.

'सिस्टिम इंटरप्ट्स' एरवी अर्ध्या-एक टक्क्यावर असतं. ते सतत पाच-दहावर असेल तर संशय हार्डवेअरवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर घ्या. यूएसबीला लावलेलं सगळं एकेक करून काढा: प्रिंटर, हब, स्वस्तातला वायफाय डोंगल. जे काढल्यावर आकडा खाली येतो, ते दोषी.

'व्हीएममेम' दिसत असेल तर घरात कोणीतरी प्रोग्रॅमिंग शिकतंय. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी ही सोय काही न सांगता निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकते.

युट्यूब बघताना प्रोसेसर चढत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन' किंवा 'हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन' चालू आहे ना ते बघा. ते बंद असलं की व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्सऐवजी प्रोसेसरच्या डोक्यावर येतं. मशीन फार जुनं असेल तर नव्या पद्धतीने दाबलेले व्हिडिओ ग्राफिक्स चिपला कळतच नाहीत. तेव्हा १०८० सोडून ७२० वर बघणं हा फुकटचा उपाय.

आता थोडं गंभीर. टास्क मॅनेजर उघडायच्या आधी पंखा गर्जत असतो आणि उघडल्या क्षणी शांत होतो, असं वारंवार झालं तर सावध व्हा. तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो नाणी काढणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसला की दबून बसतात. पेन ड्राइव्हवरून आलेलं 'क्रॅक' केलेलं फोटो एडिटर किंवा गेम हा त्यांचा आवडता रस्ता. संशयित ओळीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. विंडोजची म्हणवणारी प्रोसेस 'सिस्टिम ३२' सोडून तुमच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमधून चालत असेल तर ती बहुरूपी आहे. मग 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथून 'स्कॅन ऑप्शन्स', आणि त्यातलं ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते; साधारण पाव तास लागतो.

मेमरी: बहुतेक वेळा ब्राउझर

क्रोम किंवा एज उघडल्यावर यादीत त्याच्या वीस-तीस प्रोसेस दिसतात, कारण टॅब, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी अ‍ॅप) आणि ग्राफिक्स यांना वेगवेगळ्या प्रोसेस दिलेल्या असतात. एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचावेत म्हणून ही रचना. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते.

कोणता टॅब किती खातो हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये धड कळत नाही. क्रोमच्या खिडकीत असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा; क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. तिथे 'मेमरी फूटप्रिंट'वर क्लिक करून यादी लावा. जाहिरातींनी भरलेली, आपोआप व्हिडिओ सुरू करणारी बातम्यांची पानं वर आलेली दिसतील. एक्स्टेन्शनही नावासकट दिसतात: कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, कधीतरी घेतलेलं आणि विसरलेलं. ती काढून टाका. क्रोमच्या सेटिंगमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. न वापरलेले टॅब झोपवले जातात आणि क्लिक केलं की परत उघडतात. एजमध्ये हेच 'स्लीपिंग टॅब्ज' नावाने आहे.

टीम्ससारखी काही अ‍ॅप दिसायला स्वतंत्र असली तरी आतून ब्राउझरच असतात. त्यांच्याखाली 'वेबव्ह्यू टू' लिहिलेलं दिसेल. म्हणजे क्रोम बंद ठेवूनही दोन-तीन ब्राउझर चालूच असतात.

मेमरी दिवसभर चढत जाते आणि तोच प्रोग्रॅम बंद केल्यावरच उतरते, हा वेगळा आजार. त्याला मेमरी लीक म्हणतात. कागदावर एकाच प्रोग्रॅमचा आकडा १० वाजता, १ वाजता, ४ वाजता लिहा. काम तेवढंच असून आकडा वाढतच असेल तर त्याचं अपडेट बघा, नाहीतर दुपारी एकदा बंद करून उघडा. आणि कोणताच प्रोग्रॅम मोठा दिसत नाही, सगळ्यांची बेरीज केली तरी एकूण आकडा जुळत नाही, असं असेल तर मेमरी पानावर 'नॉन-पेज्ड पूल' बघा. एरवी तो काहीशे एमबी असतो. तो दोन-तीन जीबी झाला असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर गळतोय, अनेकदा नेटवर्कचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या, कुठल्याशा 'ड्रायव्हर अपडेटर'कडून नाही.

रॅम भरली की काय होतं? ओटा भरला की आपण कमी लागणारे डबे माळ्यावर टाकतो, आणि मग दर दोन मिनिटांनी शिडी लावून चढतो. विंडोज अगदी हेच करतं: मेमरीतला कमी लागणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि लागला की परत आणतं. म्हणून मेमरी ९० च्या वर आणि डिस्कही १०० वर, अशी जोडी दिसली की रॅम खरंच कमी आहे. खात्री करायची तर स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' चा आलेख बघा. काम करताना तो सतत शेकड्यांत असेल तर शिडीवरची चढ-उतार चालू आहे.

रॅम 'साफ' करणारे बूस्टर प्रोग्रॅम या चढ-उतारीत भरच घालतात. ते चालू प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीने बाहेर ढकलतात, आकडा क्षणभर खाली येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं, आणि मग सगळं परत आणताना मशीन आणखी रखडतं. अजिबात टाकू नका.

आपोआप सुरू होणारे

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स' पानावर जा. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नावं राहू द्या. गाणी ऐकायचं अ‍ॅप, टोरेंट, मीटिंगची अ‍ॅप, केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, हे सगळं राइट क्लिक करून 'डिसेबल'. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही.

डिस्क १००, बाकी सगळं निवांत

सीपीयू १५, मेमरी ५५, आणि तरी फाइल उघडायला मिनिटभर. हे जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचं चित्र. परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. नाव आणि प्रकार लिहिलेला असतो, एसएसडी (न फिरणारी, वेगवान) की एचडीडी (फिरती). खाली 'अव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असतो. काम साधं असूनही तो शेकडो मिलिसेकंदांत राहात असेल तर डिस्क ताणाखाली आहे, किंवा मरायला टेकली आहे. आधी फोटो आणि कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे घ्या, मग पुढचं. अशा मशीनमध्ये एसएसडी बसवणं हा एकच खर्च मी डोळे झाकून सुचवतो. ८ जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप तेवढ्यावर बराच काळ निघतो.

मुंबईचा स्वतःचा आजार: उष्णता

हे पुस्तकी यादीत शेवटी असतं, पण इथे त्याला मानाचं पान द्यावं लागतं. प्रोसेसर गरम झाला की स्वतःला वाचवायला तो स्वतःहून वेग कमी करतो. वापराचा आकडा चढलेला, काम मात्र पुढे सरकत नाही. ओळखायची खूण परफॉर्मन्सच्या सीपीयू पानावरच आहे. उजवीकडे 'बेस स्पीड' लिहिलेला असतो, समजा २.४० गिगाहर्ट्झ, डावीकडे 'स्पीड' म्हणजे आत्ताचा वेग. भार असताना निरोगी मशीन बेसच्या वर चालतं. पंखा ओरडतोय, काम चालू आहे आणि वेग १.१ किंवा ०.८ वर अडकलाय, तर प्रोसेसरचा गळा आवळला गेला आहे.

टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेम्प' हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम वापरा. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या घरात असते. जड कामात ८५-९० ला जाणं चालतं. नुसतं जीमेल उघडून ९० दिसत असेल तर आत हवा खेळत नाही.

खोलीचं तापमान यात सरळ मिसळतं. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो; ती दहा अंशांनी गरम असेल तर प्रोसेसरही जवळपास तेवढाच गरम राहतो. हिवाळ्यात बरा चालणारा लॅपटॉप मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी दोनला रखडतो आणि रात्री अकराला सुतासारखा सरळ होतो, हे चित्र कागदावर आलं तर मशीनमध्ये व्हायरस शोधत बसू नका.

त्यात आपली राहण्याची तऱ्हा. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलाला जागा नाही, म्हणून लॅपटॉप दिवाणावर, गादीवर, मांडीवरच्या उशीवर. बहुतेक लॅपटॉपची हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूला असते आणि गादी ती पूर्ण बंद करते. एक पाट किंवा जाड पुठ्ठ्याची फाइल खाली घातली तरी फरक दिसतो. मागची बाजू दोन बोटं उचलली तर आणखी. शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर सिमेंटची बारीक धूळ वर्षभरात जाळी बुजवते. वरळी, दादर, वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळ खारी दमट हवा आतल्या धातूला गंज धरवते. डेस्कटॉपचा कॅबिनेट जमिनीवर ठेवला असेल तर आत झुरळांची वस्ती निघणं अजिबात नवलाचं नाही. त्यांना ऊब आवडते.

सफाई करताना मशीन बंद, चार्जर काढलेला. हवेचा डबा वापरून जाळीतून फुंकर मारा, पण पंखा काडीने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भिरभिरला तर खराब होऊ शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि केस वाळवायचा ड्रायर दोन्ही नकोत. लॅपटॉप उघडायचा धीर होत नसेल तर दुरुस्तीवाल्याला सांगताना "सर्व्हिसिंग करा" असं मोघम न म्हणता "पंखा आणि जाळी साफ करून थर्मल पेस्ट बदला" असं म्हणा. थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप.

वेग कमी, पण तापमानही कमी, असं दिसलं तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप मूळ चार्जर ओळखता आला नाही की मुद्दाम सावकाश चालतात. सेटिंगमध्ये 'पॉवर मोड' बचतीवर राहिला असेल तरी तसंच होतं.

काही केल्या सापडत नाही

'क्लीन बूट' करा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमच्या सेवा बंद ठेवून मशीन सुरू करा. स्टार्टमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' शोधा, 'सर्व्हिसेस' पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करा, आणि मगच 'डिसेबल ऑल'. ही खूण विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद होतील. रीस्टार्ट करा. मशीन नीट चालायला लागलं तर दोष बाहेरच्या प्रोग्रॅमचा. अर्ध्या सेवा चालू करा, बघा, मग उरलेल्या अर्ध्या. काम झाल्यावर सगळं पूर्ववत करायचं.

'रिलायबिलिटी मॉनिटर' हेही स्टार्टमध्येच सापडतं. त्यात रोजच्या तारखेला काय बसवलं, काय कोसळलं याची नोंद असते. "गणपतीनंतर स्लो झालाय" एवढं आठवत असेल तरी तो आठवडा उघडून बघता येतो.

मॅकवर 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर' उघडा आणि मेमरीत फक्त 'मेमरी प्रेशर'चा रंग बघा. हिरवा असेल तर भरलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. 'कर्नल टास्क' प्रोसेसर खाताना दिसला तर मॅक तापला आहे आणि तो बाकीच्यांना आवरतोय. लिनक्सवर 'एचटॉप' पुरे.

आता खर्च

कागद हातात असेल तर निर्णय सोपा. मेमरी आणि डिस्क जोडीने भरतात: रॅम. एकटी डिस्क, तीही फिरती: एसएसडी. वेग बेसच्या खाली आणि तापमान चढलेलं: सफाई. तिन्ही ठीक, आणि प्रोसेसरच दहा-बारा वर्षांचा: मग मात्र वरवरचे उपाय पुरणार नाहीत.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. ते बसेल, पण ४ जीबीवर क्रोम उघडून काम करायचं म्हणजे छळ आहे. ८ ला खालची मर्यादा धरा, आणि नवीन घेत असाल तर १६.

रॅम घ्यायला ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर निघण्याआधी टास्क मॅनेजरचं मेमरी पान बघा. 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ असेल तर एक जागा रिकामी आहे. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डवर डकवलेली आहे; आणखी बसवायला वेगळा स्लॉट आहे की नाही ते मॉडेलनुसार पाहून मगच निघा. डीडीआर ३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आपली कोणती ते 'सीपीयू-झेड' या प्रोग्रॅमच्या मेमरी पानावर कळतं. त्या पानांचे फोटो फोनमध्ये काढून न्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारा आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल घ्या.

मशीन दुरुस्तीला टाकायचंच असेल तर नोंदींचा कागद बरोबर द्या. फॉरमॅटचा विषय निघाला तर यातल्या कोणत्या ओळीसाठी, एवढं विचारा. ठरलंच तर डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आधी बाहेर काढा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते; बोर्डाचं काम झाल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. दुकानात जाण्याआधी उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.